काठीवरची चौथी खूण

रविवारी सकाळी थेंबाच्या पोटात स्वयंपाकघर बसवायचं ठरलं होतं, म्हणून सगळे कारखान्यात जमले. धाकटा तेवढा नव्हता. तो बस चालवायचा, आणि बसला रविवार नसतो.

थेंब हे नाव बाबांनीच ठेवलेलं. मोटारीमागे जोडून न्यायची, दोन चाकांवरची ती बुटकी खोली बाजूने पाहिली तर खरोखर थेंबासारखी दिसायची, पुढे गोल आणि मागे निमुळती. आत दोन माणसांपुरती गादी आणि उठून बसलं तर डोकं छताला लागेल एवढीच उंची. मागचं वाकडं झाकण वर उचललं की तिथे जमिनीवर उभं राहून उघड्यावर स्वयंपाक करायचा. त्यासाठी एक ओटा, खाली तीन खण, वर सरकत्या दारांचं कपाट. सांगाडा, पत्रा, चाकं हे सगळं थोरल्याने वर्षभर खपून उभं केलं होतं. ओटा आणि कपाटं मात्र बाबांनी मागून घेतली. "हे माझं शेवटचं काम," ते म्हणाले होते. "कापायला थोरला. बाकी कुणी हात लावायचा नाही."

थोरली सून दारातच थांबली. कपाटांवर जुनी चादर टाकलेली होती. चादरीखालचा आकार पाहून तिला आपोआप हसू आलं. आठवडाभर ती मनातल्या मनात त्या ओट्यापाशी जाऊन उभी राहत होती. ताठ.

घरातला ओटा सासूबाईंच्या मापाचा. सासूबाई बुटक्या, ही अंगाने उंच. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिची पाठ भरून आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "भांड्याखाली फळी घे." थोरल्याने फळी करून दिली. चोवीस वर्षं ती फळी घेऊन ती चिरत, मळत, घासत आली. फळी झिजून मध्ये खोलगट झाली, आणि कमरेला पट्टा आला. सासूबाईंचं शेवटचं आजारपण तिने त्याच कमरेवर काढलं. त्या गेल्यानंतर महिनाभराने एका सकाळी नवरा म्हणाला, "घरातला ओटा नको तोडायला. बाबांना बघवणार नाही. पण थेंबातला तुझा. तुझ्या कोपराच्या मापाचा. मग आपण दोघंच निघू, रस्ता नेईल तिकडे." त्या दिवसापासून तिने प्रार्थनेत स्वतःसाठी काही मागणं बंद केलं. मिळणार म्हटल्यावर पुन्हा मागायचं कशाला?

"आत ये की," नणंद म्हणाली. "का तुलाही बसवून द्यायचंय?"

नणंदेला सगळे ताई म्हणत. ती शाळेत शिकवायची आणि घरी आली तरी हजेरी घ्यायची.

थोरली आत आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. कारखान्यात तिचं काम ठरलेलं होतं. सांध्यातून सरस बाहेर आला की वाळायच्या आत पुसून काढायचा. आज तर ती फडकं घरूनच भिजवून आली होती.

"साबण लावला का कडांना?" बाबांनी विचारलं.

"लावला," थोरला म्हणाला.

"कोरडा?"

"कोरडाच, बाबा. मी काय आज आलोय का धंद्यात?"

"आज नाही. पण कालचं विसरतोस तू."

बाबांच्या डोळ्यांपुढे मधोमध एक राखी डाग बसलेला होता. कडेचं अंधुक दिसायचं, समोरचं नाही. कपाटाचं सगळं काम त्यांनी अंगठ्याने केलं होतं. अंगठा फिरवून कड कळायची, सांधा कळायचा, रंध्याने कुठे जास्त घेतलंय तेही कळायचं.

चादर काढली. खालचे तीन खण, प्रत्येकाला बोट घालायला अर्धा चंद्र कोरलेला. मुठी नव्हत्या, कारण गाडी हलली की मुठी अडकतात. डब्यांना बसायला खाचा, बाटल्यांना आडवी पट्टी, सुऱ्यांना चिरा. कोपरे इतके गोल की लहान मूल आपटलं तरी रडणार नाही.

"बाबा," धाकटी सून म्हणाली, "एवढं तर माझ्या लग्नातल्या कपाटालाही नव्हतं."

"तेव्हा मला दिसत होतं," बाबा म्हणाले. "दिसत असलं की माणूस घाई करतो."

चौघांनी खालचा खोका उचलला. बाबा झाकणाखाली हात धरून उभे होते.

"हळू. थोरल्या, तुझी बाजू वर आहे."

"तुम्हाला दिसतंय का इथून?"

"ऐकू येतंय. घासतंय ते."

खोका साबणावरून सरकत आत गेला आणि शेवटच्या दोन इंचांत, जणू कुणी आतून ओढून घ्यावा तसा, टक्‌ करून बसला. कुठेही केसभर फट नाही. ताईने टाळ्याच वाजवल्या. मग वरचं कपाट आलं, मग सरस, मग सांधे आवळायचे शिकंजे, मग ओट्याची फळी. थोरली सांध्यांवरून फडकं फिरवत राहिली. वाकूनच. ते काम वाकूनच करायचं असतं, म्हणून तेव्हा काही लक्षात आलं नाही.

"सूनबाई," बाबांनी हाक मारली. त्यांचा चेहरा उजळला होता. "ठेव ते फडकं. ये, उभी राहा तुझ्या ओट्यापाशी."

ती उभी राहिली. हात पुढे केले. हात खाली गेले, अजून खाली गेले, मग टेकले. पाठ आपसूक वाकली, इतक्या सरावाने की क्षणभर तिचं तिलाच कळलं नाही.

"बोल की," बाबा म्हणाले. "कोपराखाली चार बोटं?"

तिने कोपर मुडपलं आणि दुसरा हात खाली धरून मोजलं. चार बोटांच्या जागी जवळजवळ वीत होती. तिने पुन्हा मोजलं. तेवढीच.

"बाबा, थोडा खाली आलाय."

"खाली? माझा ओटा?"

"जमीन उतरती असेल," ताई म्हणाली.

थोरल्याने पाणसळ आणून ओट्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. "जमीन सपाट आहे," तो म्हणाला. तो बुडबुड्याकडेच बघत होता. बायकोकडे नाही.

*

धाकटीने ओटा आत जातानाच ओळखला होता.

ती कपडे शिवायची. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिच्या नजरेने छाती-कंबर-बाही मोजून झालेली असायची. हा ओटा कुणाच्या अंगाचा आहे हे तिला टेपशिवाय कळलं होतं, आणि म्हणूनच ती शिकंज्यांच्या ढिगाआड जाऊन उभी राहिली होती.

"आईच्या मापाचा तर नाही हा," ताई म्हणत होती. "आईचा ह्याहून खाली. मग कुणाच्या? धाकटे, तू ये बरं इकडे."

"मी कशाला?"

"ये गं. बाक कुणाला बसतो ते बघते मी. शाळेत रोज तेच करते."

"मी शाळेत नाहीये, ताई."

"म्हणून तर बोलावतेय. शाळेतली पोरं न बोलावता येतात."

नाही म्हणणं जास्त वाईट दिसलं असतं. धाकटी गेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. कोपर मुडपलं. खाली बरोबर चार बोटं. शिवून आणलेला झगा अंगात घालावा आणि कुठे टाचणीसुद्धा लावायला नको, तसं.

ताईने ती चार बोटं वाकून पाहिली.

"अस्सं," ताई म्हणाली. "महिनाभर बाबांचा डबा घेऊन कोण येत होतं?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही बाई. ओटा म्हणतोय."

"जाऊबाईंची कंबर धरली होती म्हणून मी डबा आणत होते. तुम्ही आणला असतात तर हा तुमच्या मापाचा झाला असता का?"

"मला ओटा नकोय. मला माझ्या आईचा पुरतो."

"काय लावलंय तुम्ही?" बाबा म्हणाले. "काय झालंय? कुणीतरी सांगेल का मला?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. दोघी जावांचं बारा वर्षांत कधी वाजलं नव्हतं. लोकांना ते खरं वाटायचं नाही. आजाऱ्याच्या उशाशी दोघींनी पाळ्या लावल्या होत्या, एकमेकींची मुलं आपली म्हणून जेवू घातली होती. थोरलीचा एक नेम होता, कितीही झालं तरी आवाज चढवायचा नाही. हा नेम तिने कधी, कुणासाठी घेतला हे फक्त धाकटीला ठाऊक होतं. आणि आता तीच थोरली तिच्याकडे अशी बघत होती, जशी ती बाजारात भाजी चाचपून परत ठेवताना बघायची.

तो संशय धाकटीला सहन झाला नाही. त्यातला अर्धा खरा होता, म्हणून तर मुळीच नाही.

"काठी आणा," ती म्हणाली. "काठीवरून काय ते कळेल."

*

काठी थोरल्यालाच आणावी लागली. ती बाबांच्या बाकामागे, खिळ्याला टांगलेली असायची.

ह्या घराण्यात ओटे टेपने मोजत नसत. पणजोबांनी केलेली ही मापकाठी होती, छातीपर्यंत येणारी, हात लागून लागून काळी झालेली. घरात नवी सून आली की तिला अनवाणी उभं करायचं, कोपर मुडपायला लावायचं आणि कोपराखाली चार बोटं सोडून काठीवर पटाशीने खाच पाडायची. खाच पडली की त्या मापाचा ओटा करायचा. सुतारांच्या घरात आलेल्या बाईला दुसरं काही मिळो न मिळो, तिच्या मापाचा ओटा मिळायचा. खाच पाडायची ती नवऱ्याने.

काठी घेऊन येताना थोरल्याला वाटलं, ही आत्ता मोडली तर किती बरं होईल.

बाबांनी काठी जमिनीवर उभी टेकवली आणि अंगठा खालून वर नेला. "ही माझी आई," ते म्हणाले. अंगठा वर सरकला. "ही तुझी आई." पुन्हा वर. "आणि ही वरची. ही थोरली. सगळ्यात उंच तीच. हिच्यावरूनच घेतलंय मी माप. जमिनीपासून सांगाड्यापर्यंतचं वजा केलं, बाकीचं घेतलं. कुठे चुकलोय?"

"बाबा," धाकटी म्हणाली, "ती वरची माझी आहे."

"तुझी दुसऱ्या बाजूला आहे."

"दुसऱ्या बाजूला काही नाही. बोट फिरवा."

बाबांनी काठी फिरवली. अंगठा खालून वर, वरून खाली गेला. गुळगुळीत लाकूड.

"पण मी विचारलं होतं," ते म्हणाले. त्यांनी मान वळवली, थोरला उभा होता त्याच्या जरा बाजूला, म्हणजे कडेने तरी तो दिसावा. "बाया चार आणि बोटाला खाचा तीनच लागतात, असं मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, धाकटीची मागच्या बाजूला आहे. म्हणालास ना?"

थोरला पाणसळीशी चाळा करत राहिला.

"म्हणाले," धाकटी म्हणाली. "मी दारात होते. डबा घेऊन."

आता थोरलीने तोंड उघडलं. आवाज नेहमीचाच, जेवायला वाढताना असतो तेवढाच.

"तू ऐकलं होतंस?"

"हो."

"महिनाभरापूर्वी."

"मला वाटलं, दादा नंतर सांगतील बाबांना. माझं कुठे बोलायचं काम होतं?"

"माझ्याशी तर बोलायचं होतंस."

धाकटीने मान खाली घातली. खरं तिला सांगताच आलं नसतं. त्या दिवशी डबा हातात घेऊन ती दाराबाहेर थांबली होती आणि तिच्या मनात आलं होतं, ह्या घरात जे चांगलं होतं ते आधी थोरल्या पातीचं होतं. थोरलीचाच ओटा नव्हता झाला, तर माझा कुठला व्हायला. एकदा, चुकून का होईना, माझ्या मापाचं होतंय तर होऊ दे.

"अहो," थोरली नवऱ्याकडे वळली, "माझी खाच कुठे आहे?"

"अगं, आपण घरी बोलू ना."

"घरी काठी नाही. काठी इथे आहे. माझी खाच कुठे आहे?"

"पेन्सिलची आहे," थोरला म्हणाला.

"काय म्हणालास?" बाबा म्हणाले.

"पेन्सिलची रेघ आहे. खाच नाही पाडली." मग त्याचं तोंड एकदम सुटलं, चोवीस वर्षं गच्च बसलेला खण ओढावा तसं. "तुम्ही पटाशी माझ्या हातात देऊन पाहुण्यांना सोडायला गेलात. आई म्हणाली, आता नुसती रेघ मार. खाच पाडलीस की हे लगेच ओटा फोडायला घेतील. मुरू दे तिला आधी घरात. खाच काय, कधीही पाडता येते. मी रेघ मारली. मग पुढच्या वर्षी पाडू, मग तिच्या बाळंतपणानंतर पाडू, मग आई आजारी झाली. आणि मग कुणी काढलंच नाही."

"कुणी म्हणजे कोण?" थोरलीने विचारलं.

त्याला आठवत होतं, बाबांनी महिनाभरापूर्वी विचारलं तेव्हा तो करवतीपाशी उभा होता. खरं सांगायचं तर आईचं नाव घ्यावं लागलं असतं आणि आपलंही. दुसऱ्या बाजूला आहे, एवढं म्हटलं की काम पुढे सरकत होतं. मग बाबांनी आखून दिलेल्या रेघेवर त्यानेच करवत चालवली. कापताना त्याला अगदी नीट ठाऊक होतं की ही फळी कितीने खाली येणार. तेव्हा त्याच्या मनात जे आलं होतं ते आत्ता सगळ्यांदेखत पुन्हा आलं, आणि तो स्वतःच दचकला. ती घेईल चालवून. इतकी वर्षं घेतलंच की.

"होईल काहीतरी," तो म्हणाला. "चाकांखाली ठोकळे घालू. जिथे थांबू तिथे घालायचे. दोन मिनिटांचं काम. ओटा वर येतो की नाही बघ."

"चाकांखाली ठोकळे," थोरली म्हणाली. "आधी भांड्याखाली फळी. आता चाकांखाली ठोकळे. माझ्यासाठी नेहमी खाली काहीतरी घालायचंच असतं का हो?"

ताई पुढे झाली. "हे बघ वहिनी, आई आता नाहीये. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

"मी कुठे बोलतेय, ताई? मी तर कधीच बोलले नाही. त्या बोलल्या, ह्यांनी ऐकलं."

"चार बोटांचा तर प्रश्न आहे!" थोरला ओरडला.

"हो," ती म्हणाली. "तेवढाच होता."

*

बाबांना एक गोष्ट कळत नव्हती. ते बाकावर बसले. काठी गुडघ्यांवर आडवी होती.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "पण ओटा तर तूच नको म्हणाली होतीस."

"मी?"

"मी विचारलं होतं. लग्नाला चार महिने झाले असतील. म्हटलं, खाच पाडलीये, आता सूनबाईचा ओटा घेऊ करायला. तुझी सासू म्हणाली, सूनबाई नको म्हणते. आईंचा ओटा मोडू नका म्हणते. मला... मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. मी चार लोकांना सांगितलं, सून कशी असावी."

थोरलीचा श्वास त्यांना ऐकू आला.

"तू म्हणाली नव्हतीस?"

"मला कुणी विचारलंच नाही, बाबा."

ताई म्हणाली, "आईचा स्वभाव तसा नव्हता." पण ते इतक्या हळू म्हणाली की स्वतःलाच विचारल्यासारखं वाटलं. मग ती थोरलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाबांना तिच्या चपलांचा आवाज आला, इकडून तिकडे.

पन्नास वर्षं त्यांनी त्या बाईबरोबर संसार केला होता. तिच्या हातचं खाल्लं, तिच्या शेवटच्या दिवसांत तिचे पाय चेपले. तिने त्यांना एक वाक्य दिलं आणि ते त्याच्यावर चोवीस वर्षं खुशाल बसून राहिले. आता ते तिच्यावर रागावू शकत नव्हते, कारण ती नव्हती. आणि एक गोष्ट त्यांना आतून टोचत होती. सून चार पावलांवर स्वयंपाकघरात होती. उठून तिलाच विचारायला कुणी अडवलं होतं? ऐकलेलं गोड होतं, म्हणून ते उठले नव्हते. देवाच्या दारी माणसाने काय केलं एवढंच नाही, काय विचारलं नाही तेही मोजत असतील, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"तोडा हे," ते म्हणाले. "सगळं काढा बाहेर. पुन्हा करतो."

"बाबा, सरस लागलाय," थोरला म्हणाला. "ओटा वर घेतला तर वरचं कपाट वर घ्यावं लागेल. ते वर घेतलं तर वाकड्या झाकणाला आपटेल. मग झाकण नवं. म्हणजे पाठच नवी करायची. वर्ष जाईल."

"जाऊ दे वर्ष."

"तुमचे डोळे—"

"डोळ्यांचं मला सांगू नकोस. डोळे होते तेव्हा काय दिसलं मला?"

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"पटाशी आण," बाबा म्हणाले. "अर्ध्या इंचाची. आधी खाच पाडायची. ओट्याचं मग बघू. खाच आज, आत्ता पडली पाहिजे. नवऱ्याने पाडायची असते, पण त्याचं त्याच्यापाशी. मी पाडतो."

थोरल्याने पटाशी आणून त्यांच्या उजव्या हातात दिली. हात थरथरत होता. लाकडाला पटाशी लागली की हा हात थांबतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"धाकटे, तुझी नजर चांगली. रेघ शोध. आहे का अजून?"

धाकटीने काठी उजेडाकडे तिरपी धरली. बराच वेळ लागला. "आहे," ती म्हणाली. "ही बघा जाऊबाई. अगदी फिकट आहे. पण आहे."

"बघू," थोरली म्हणाली.

बाबांना तिची पावलं जवळ येताना ऐकू आली. वाटेत ती थांबली, ओट्यावरचं काहीतरी उचललं, पुढे आली. काठीचं वरचं टोक धाकटीच्या हातातून तिच्या हातात गेलं, हे त्यांना खालच्या टोकाच्या हलण्यावरून कळलं.

"केवढीशी आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, खूप वर असेल."

मग लाकडावरून कापड फिरल्याचा आवाज आला. एकदाच. सरस पुसताना ती नेहमी फिरवायची तसा, न रगडता.

"जाऊबाई!" धाकटी ओरडली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "काय केलंत?"

"काही नाही, बाबा," थोरली म्हणाली. "सांधे वाळेपर्यंत झाकण लावू नका, वास कोंडेल." तिने फडकं झटकल्याचं ऐकू आलं, मग घडी घातल्याचं. "आणि थेंब धाकट्या भाऊजींना देऊन टाका. हिच्या मापाचा आहे. एवढं सुंदर काम, माप कशाला वाया घालवायचं?"

"अगं, आणि आपलं जायचं?" थोरला म्हणाला.

"तुम्ही जाऊन या. रस्ता नेईल तिकडे."

"मला नकोय तो थेंब," धाकटी रडत म्हणाली. "जाऊबाई, मला नकोय."

"घे गं. नको म्हणू नकोस. नको म्हटलेलं फार वर्षं पुरतं ह्या घरात." ती दाराशी पोचली होती. "मी निघते. दहा वाजून गेलेत. सगळ्यांचं करायचंय अजून."

ताईच्या चपला तिच्यामागून घाईने गेल्या. "थांब वहिनी, मी चिरून देते," असं काहीसं दूरवर ऐकू आलं. त्यावर थोरली काय म्हणाली ते कळलं नाही. तिचा आवाज कधीच लांब जात नसे.

बाबा पटाशी धरून बसले होते. हात आता थांबला होता, कामाला तयार झाला की थांबायचा तसा.

"धाकटे," ते म्हणाले, "तिला हवं तर रागावू दे. तिचा हक्क आहे. आपण आपलं काम करू. माझा अंगठा धर आणि रेघेवर ठेव."

धाकटीने त्यांचा अंगठा धरला. पहिल्या खाचेवरून, दुसरीवरून, स्वतःच्या तिसरीवरून तिने तो वर नेला आणि वरच्या गुळगुळीत लाकडावर टेकवला. तिथे ओलं होतं.

"इथे होती," ती म्हणाली.